वेगात पळते, पण स्लोवर बंद पडते: आउटबोर्ड मोटरचं दुखणं कुठून शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोटीच्या मागे लावायची ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. फुल रेसवर बोट छान पळते. रेस सोडली, म्हणजे इंजिन स्लोवर (सगळ्यात कमी आरपीएमवर) आलं, की अडखळतं, कार्ब्युरेटरच्या तोंडातून मधूनच शिंकल्यासारखा 'फट्' आवाज येतो आणि बंद पडतं. न्यूट्रलमध्ये कसंबसं टिकलं तरी गिअर टाकताक्षणी गप्प. प्लग नवे घातले, पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर एकदा साफ करून झाले. शेवटी स्लोचा स्क्रू आवळून आरपीएम १३०० पर्यंत नेले, तेव्हा कुठे चालतंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय: 'चोक अर्धा ओढून धरला की बरं चालतं.'

मला तरी या सगळ्यात ते शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. अर्धं निदान त्यातच आहे. पण त्याकडे वळण्याआधी स्लोचा स्क्रू होता तिथे परत न्या. ही विनंती नाही, अट समजा. आउटबोर्डचा गिअर गाडीसारखा क्लच दाबून हळूच बसत नाही. दातेरी डॉग फिरत्या गिअरमध्ये सरळ घुसतो. ७००-८०० आरपीएमला तो 'टक्' करून बसतो. १३०० ला तोच धडकतो आणि प्रत्येक वेळी दातांच्या कडा थोड्या थोड्या झिजतात. वर्षभरात गिअर निसटायला लागला की खालचा गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि ते काम स्लोच्या दुखण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. दुसरं म्हणजे, वाढवलेल्या स्लोवर केलेली कुठलीही चाचणी खरं बोलत नाही. दोष झाकूनच तर आरपीएम वाढवले आहेत.

आता स्लोवर इंजिन कशावर चालतं ते बघू. पूर्ण रेसला कार्ब्युरेटरचं फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलची चकती, सताड उघडी असते आणि पेट्रोल मेन जेटमधून येतं. ते भोक त्या मानाने मोठं. स्लोवर चकती जवळपास बंद असते. हवेला कडेच्या बारीक फटीतूनच वाट असते, आणि पेट्रोल पूर्णपणे वेगळ्या वाटेने येतं: पायलट जेट, त्यापुढची केसाएवढी नळी आणि चकतीच्या कडेला असलेली टाचणीच्या टोकाएवढी दोन-तीन भोकं. म्हणून वेगात छान पळणारं इंजिन स्लोवर मरतं यात विरोधाभास काही नाही. मोठी वाट मोकळी आहे, छोटी अडली आहे, किंवा छोट्या वाटेच्या हिशोबात न धरलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. दोन्हीचा परिणाम एकच, मिश्रण पातळ होतं. चोक ओढल्यावर हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होतं आणि इंजिन सावरतं. ती शिंकही पातळ मिश्रणाचीच खूण. तेव्हा आपल्याला शोधायचंय ते एवढंच: पेट्रोल कमी पडतंय की हवा जास्त होतेय?

पाना हातात घेण्याआधी पाण्यात, बोट पक्की बांधून, इंजिन गरम करून दोन चाचण्या करा. किल स्विचची (ओढताच इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला असू द्या आणि पंख्याजवळ, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरजवळ, कोणी नको.

पहिली चाचणी पेट्रोलच्या पाइपवरच्या रबरी फुग्याची, म्हणजे प्रायमर बल्बची. इंजिन स्लोवर अडखळत असताना फुगा हळूहळू दाबत राहा. इंजिन सावरलं तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंतच पुरेसं येत नाही. दोष टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी आहे. दाबल्यावर उलट जास्तच गुदमरलं आणि धूर वाढला, तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही किंवा पंपाचा पडदा फाटलाय. काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोल वाटीपर्यंत व्यवस्थित पोचतंय आणि बिघाड त्याच्या पुढे, जेटमध्ये किंवा हवेच्या गळतीत आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल तर सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण मी ती आजही पहिल्यांदा तपासतो.

पंपाच्या पडद्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो फसवतो. टू-स्ट्रोकमध्ये हा पडदा एका सिलिंडरच्या क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर हलतो. त्याला बारीक चीर गेली की पेट्रोल त्या ठोक्यांच्या वाटेने थेट क्रँककेसमध्ये ओढलं जातं. वेगात ते जादा पेट्रोल जळून जातं, कळतही नाही. स्लोवर मात्र तेवढा एकच सिलिंडर ओला होऊन मरतो. दोनपैकी एकच प्लग सारखा काळा आणि ओला निघत असेल तर कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडण्याआधी पंप उघडा. पडदा उजेडासमोर धरून हलकेच ताणा. चीर असेल तर तेव्हाच दिसते.

दुसरी चाचणी कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधण्याची. चालू इंजिनवर प्लगची वायर उपटायची सवय अनेकांना असते. ती सोडा. झटका बसतोच, शिवाय ठिणगीला अर्थची, म्हणजे इंजिनाच्या धातूची, वाट न मिळाल्याने सीडीआय युनिट (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइलवर ताण येतो. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा, तो प्लग ब्लॉकला घट्ट टेकवून बांधा, आणि मग सुरू करा. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. नंतर दुसऱ्या सिलिंडरची पाळी. एकाची वायर काढल्यावर इंजिन लगेच पडलं आणि दुसऱ्याची काढल्यावर फरकच पडला नाही, तर हा दुसरा सिलिंडर स्लोवर कामच करत नाही. शोध निम्म्यावर आला. दोन्हीकडे सारखाच फरक पडत असेल तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर: पेट्रोल, पंप, किंवा दोन कार्ब्युरेटरचा मेळ.

पेट्रोल बदललंय म्हणता, तरी एक नमुना घ्याच, आणि टाकीतून नको, कार्ब्युरेटरच्या वाटीच्या स्क्रूमधून काचेच्या बरणीत घ्या. वीस मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर किंवा गोल थेंब दिसतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं आणि प्रमाण वाढलं की थर सुटतो. वाटीच्या तळाशी साठलेला एक चमचा पाणीसुद्धा स्लोचा जीव घेतो. हेच पेट्रोल जुन्या रबरी पाइपचं आतलं अस्तर सोलवतं. सुटलेली पापुद्री झडपेसारखी फडफडत राहते आणि बाहेरून पाइप अगदी धडधाकट दिसतो. ऑइलचं माप ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. अंदाजाने ओतलेलं जास्तीचं ऑइल वेगात धुरातून निघून जातं, स्लोवर प्लगवर बसतं.

आता हवेची गळती. ओढणाऱ्या पाइपची गळती डोळ्यांना दिसत नाही, ही तिची खरी अडचण. तिथून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. माझ्याकडे एक इंजिन असंच आलं होतं. पाइप नवा, फुगा नवा, पंप नवा, सगळं कोरडं. मग फुगा आणि इंजिन यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन स्लोवर आलं आणि नळीतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ चालू झाली, एकामागोमाग एक, न थांबता. टाकीकडून एकेक जोड हाताने दाबत आलो. इंजिनाजवळच्या कनेक्टरला हात लावून तो जरा बाजूला रेटला आणि माळ तुटली. आतल्या ओ-रिंगला नखाएवढी चीर होती. रबराची एक रिंग बदलल्यावर इंजिन तासभर स्लोवर हललं नाही. तेव्हापासून ती पारदर्शक नळी माझ्या पेटीत कायम असते.

कार्ब्युरेटरच्या मागची गळती वेगळी. तिथे गॅस्केट, रीड वाल्व्हची (मिश्रण आतच जाऊ देणाऱ्या पातळ पात्यांची) प्लेट आणि क्रँकचे सील येतात. तिथल्या सांध्यांवर आधी बघायचं ते तेलकट ओल. टू-स्ट्रोकची क्रँककेस आत ओढते तशी बाहेरही ढकलते, त्यामुळे गळक्या सांध्यावर पेट्रोल-ऑइलचा ओशट डाग पडतो. शंका असेल तर साबणाचं पाणी बारीक फवाऱ्याने त्या सांध्यावर मारा. बुडबुडे येतात, किंवा क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो. क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर मारून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, तो भडकतो.

आणि आता कार्ब्युरेटर. 'साफ केला' या दोन शब्दांवर माझा विश्वास बसत नाही, कारण बहुतेक वेळा साफ होते ती वाटी आणि मेन जेट. पायलट जेट खोल विहिरीत बसलेली असते, आणि अनेक मॉडेलमध्ये तिच्यावर रबरी बूच असतं. (ते बूच परत बसवायचं विसरलात तर स्लोचं मिश्रण पुन्हा बिघडेल.) तिच्या खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा, पितळ मऊ असतं, खाच एकदा घसरली की जेट निघत नाही. बाहेर काढल्यावर उजेडाकडे धरा. भोकातून गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा पिवळसर दिसला तर आत जुन्या पेट्रोलचा डिंक आहे. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवा आणि मग दाबाची हवा मारा. चष्मा घालूनच. सुई, ड्रिल, पोलादी तार आत घालू नका, भोक वाढलं की ती जेट गेलीच. फारच अडलं तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, तीही जोर न लावता.

जेट साफ झाली म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. एक कार्ब्युरेटर मी तीन वेळा काढला होता. पायलट जेट लख्ख, फ्लोटची उंची बरोबर, गॅस्केट नवं, तरी तो सिलिंडर स्लोवर मेलेलाच. तिसऱ्या वेळी मिश्रणाचा स्क्रू पूर्ण काढला, त्याच्या भोकाला क्लीनरची नळी घट्ट टेकवली, फुलपाखरू उघडं धरून घशात टॉर्च मारली आणि नीट बघत फवारा सोडला. चकतीच्या कडेजवळ तीन भोकं होती. दोनमधून धागा सुटावा तशी धार आली. तिसरं कोरडं. त्याच्या मागची नळी एका छोट्या बंद टोपीखाली होती, तिथे साध्या साफसफाईत कोणाचा हात पोचत नाही. भिजवणं आणि हवा मारणं असं चार-पाच वेळा केल्यावर त्या भोकातून आधी तपकिरी थेंब आला, मग धार. संध्याकाळी ते इंजिन गिअरमध्ये ७५० ला शांत फिरत होतं. तुमच्या कार्ब्युरेटरवर हीच परीक्षा करा, दोन्हींवर. माझा अंदाज विचाराल तर तुमचं दुखणं इथेच सापडेल.

परत जोडताना दोन कार्ब्युरेटरचा मेळ तपासा. दोघांना जोडणाऱ्या दांडीचा स्क्रू सैल करा, दोन्ही चकत्या बोटाने पूर्ण बंद होऊ द्या आणि त्या स्थितीत स्क्रू आवळा. एक चकती केसभर उघडी राहिली तरी एक सिलिंडर हवेवर आणि दुसरा एकटा ओझं ओढतो. थ्रॉटल हलवणारा कॅम त्याच्या रोलरला कुठे टेकायला हवा याची खूण बहुधा कॅमवरच असते. स्लोचा स्क्रू आवळून तुम्ही ती जागा हलवली असेल, म्हणून तीही बघा. अनेक टू-स्ट्रोकमध्ये स्लोचे आरपीएम चकतीपेक्षा टायमिंगवर ठरतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा.

मिश्रणाचा स्क्रू लावायची पद्धत अशी. हलक्या हाताने तळाला टेकवा. आवळू नका, सुईचं टोक चेपतं. मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे बाहेर काढा, बऱ्याच ठिकाणी ते सव्वा ते दीड असतात. इंजिन गरम, बोट पाण्यात, गिअर पुढे. कानपट्ट्या (नळाचं पाणी इंजिनाला देणारे रबरी कप) लावून जमिनीवर केलेलं ट्युनिंग पाण्यात टिकत नाही, कारण तिथे ना पंख्याचं ओझं असतं, ना एक्झॉस्टवर पाण्याचा दाब. आता स्क्रू पातळ बाजूला एक-अष्टमांश फेऱ्याने फिरवा आणि पंधरा सेकंद थांबा. हे थांबणं फार गरजेचं आहे. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये आधीचं मिश्रण शिल्लक असतं, बदल लगेच ऐकू येत नाही. शिंक आली की उलट्या दिशेला पाव फेरा. थोडं घट्ट बरं. पातळ ठेवलं तर रेस देताना अडखळेल. पातळ बाजू कुठली? स्क्रू चकती आणि इंजिन यांच्यामध्ये असेल तर तो बहुधा पेट्रोल आवरतो, आत गेला की पातळ. चकतीच्या पुढे, हवेच्या तोंडाकडे असेल तर हवा आवरतो, आत गेला की घट्ट.

हे सगळं करूनही स्क्रूला दाद मिळत नसेल, फिरवा कितीही आणि फरक शून्य, तर त्या सिलिंडरची पायलटची वाट अजून बंद आहे, किंवा दोष कार्ब्युरेटरचा नाही. तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने घ्या: इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, वायरी ब्लॉकला लावून अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. या आकाराच्या टू-स्ट्रोकला साधारण १०० पीएसआयच्या वर अपेक्षित असतं, पण खरा महत्त्वाचा दोघांमधला फरक. तो १० टक्क्यांच्या आत हवा. कॉम्प्रेशन ठीक, ठिणगी निळी आणि जोरदार, तरी खालचाच सिलिंडर पातळ चालतोय, असं असेल तर क्रँकच्या खालच्या सीलकडे बघावं लागेल. रीडची पाती कडेला तुटलेली किंवा प्लेटपासून उचललेली असली तरी आधी स्लोच जातं, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडासमोर पेट्रोलचं धुकं मागे उडताना दिसतं.

एक जागा लोक हमखास विसरतात. इंजिन आणि पंखा यांच्यामधल्या पायाच्या मागे, पाण्याच्या वर, एक्झॉस्टचं छोटं भोक असतं. स्लोवर पंख्याच्या मधल्या तोंडावर पाण्याचा दाब असतो, त्यामुळे धूर मुख्यतः या भोकातून सुटतो. मिठाने, काजळीने, किंवा इंजिन बरेच दिवस पडून असेल तर कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने ते बुजतं. मग इंजिन स्वतःच्याच धुरात घुसमटतं, आणि रेस दिली की मोठी वाट उघडून पुन्हा ठीक. एका काडीने तपासून होतं.

न्यूट्रलला उत्तम आणि फक्त गिअर टाकतानाच मरत असेल, तर शोधाची दिशा बदला. पंखा हाताने फिरवून बघा (किल स्विचची दोरी आणि प्लगच्या वायरी काढूनच); मागे मासेमारीचा दोर गुंडाळला असेल तर तो जड फिरतो आणि सीलही कापतो. पंखा जास्त पिचचा (पात्यांना जास्त पीळ असलेला) असेल तर स्लोवर ओझं जास्त. काही मॉडेलमध्ये गिअर निघताना ठिणगी क्षणभर तोडणारा स्विच असतो. गिअरची केबल नीट बसवलेली नसेल तर तो दाबलेलाच राहतो आणि एक सिलिंडर किंवा सगळं इंजिन बंद पाडतो.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडंच. तिथे थंड असताना छान आणि गरम झाल्यावर स्लो बिघडणं ही वाल्व्हचं अंतर कमी झाल्याची खूण असू शकते. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन गरमच होत नाही का ते बघा. इंजेक्शनच्या इंजिनाला स्लोची हवा कंप्युटर एका झडपेतून सांभाळतो. ती झडप आणि थ्रॉटल बॉडी काजळीने भरते. साफ करा, बॅटरीचा व्होल्टेज तपासा, पण थ्रॉटलचा रंग लावून बंद केलेला स्क्रू फिरवू नका.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: स्लोचा स्क्रू परत, फुग्याची चाचणी, सिलिंडरची चाचणी, पारदर्शक नळी, मग दोन्ही कार्ब्युरेटरचा फवारा. त्या भोकांतून सगळ्या धारा सुटल्या आणि जोडणी झाली की इंजिन पुढच्या गिअरमध्ये दहा मिनिटं स्लोवर सोडा, चोक पूर्ण आत ठेवून. मग एकदम अर्ध्या रेसवर न्या आणि सोडा. न्यूट्रल, रिव्हर्स, न्यूट्रल, पुढे, असं पाच वेळा. पाचही वेळा टिकलं तरच बोट सोडा.